द्रव्यपरिचयाची योग्या : ऑनलाइन शिक्षणासाठी शैक्षणिक खेळ कसा रचावा आणि कसा पारखावा

प्रास्ताविक

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाने ओळखला जातो. शास्त्राचा सर्व अर्थ जाणणाऱ्या शिष्याकडूनही आचार्यांनी प्रत्यक्ष कर्माचा सराव करून घ्यावा, असा त्याचा आशय आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी अशा फळांवर. भेदनाचा पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. वेधनाचा मृत पशूंच्या सिरांवर आणि कमळाच्या देठावर. विस्रावणाचा मेण लावलेल्या सावरीच्या फळीवर. सीवनाचा जाड वस्त्रावर व मऊ चामड्यावर. बंधनाचा कापडी वा मातीच्या पुरुषाकृतीवर. रुग्णाच्या शरीराला हात लावण्यापूर्वी चुका करून घ्यावयाची जागा आचार्यांनी अशी वेगळी आखून दिली. चूक कोहळ्यावर झाली तर कोहळा वाया जातो, रुग्णाला इजा होत नाही.

आज ज्याला ‘शैक्षणिक खेळ’ म्हणतात त्याचे मर्म आमच्या मते हेच आहे. मार्च २०२० नंतर महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील आयुर्वेदाचे विद्यार्थी किनवट, मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा, अहमदपूर अशा आपापल्या गावी बसून व्याख्याने ऐकू लागले. व्याख्यान पडद्यावरून ऐकता आले. परंतु द्रव्यगुणाचा जो भाग औषधी उद्यानात, वनस्पतिसंग्रहात आणि वनयात्रेत शिकावयाचा, तो मागे पडला. महाविद्यालये पुन्हा उघडली, तरी ऑनलाइन शिक्षण पूर्वीइतके परके राहिले नाही. म्हणून पडद्यावरून द्रव्यपरिचयाची योग्या घडवता येईल काय, आणि घडवली तर ती उपयोगी आहे हे कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत. हा विषय केवळ अध्यापकांचा नाही. औषधी दुकानाचा काउंटर आणि रसशाळेचे कोठार येथेच ओळखीची खरी परीक्षा होते, म्हणून वैद्य आणि औषधनिर्माते या दोघांनाही उद्देशून हे लिहीत आहोत.

ओळख चुकली तर काय होते?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की औषधींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक जाणतात. मात्र तेवढ्याने तत्त्व जाणले असे होत नाही. त्याच ठिकाणी न जाणलेल्या औषधाला विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांची उपमा दिली आहे. ही उपमा अतिशयोक्त नाही याचा प्रत्यय अलीकडेच आला.

करोनाच्या काळात गुळवेलीचा वापर घरोघरी वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवन केलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये आक्षेप घेतला : रुग्णांनी सेवन केलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे तपासलेले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने दोहोंतील फरकही प्रसिद्ध केला. गुळवेलीचे खोड हिरवे, त्यावर गाठी नाहीत, कापल्यावर दुधासारखा स्राव नाही, फुलाला सहा पाकळ्या, फळ गोल. दुसरीचे खोड करडे, त्यावर बारीक गाठी, स्राव दुधाळ, पाकळ्या तीन, फळ लांबट. पुढे देशातील अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि वाद चालूच राहिला. त्याचा निर्णय करणे हा येथील हेतू नाही. इतकेच म्हणावयाचे आहे की ‘आम्ही दिली ती गुळवेलच होती’ असे आपल्यापैकी किती जण खात्रीने आणि नोंदीनिशी सांगू शकले असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. जो हे सांगू शकत नाही, त्याच्याजवळ गुळवेलीचे समर्थनही नाही आणि रुग्णाचे संरक्षणही नाही.

दुसरे उदाहरण रोजच्या पाहण्यातले आहे. रस्त्याच्या कडेला आणि कार्यालयांच्या आवारात जो उंच, सरळसोट, लांब व कडा नागमोडी असलेल्या पानांचा वृक्ष सर्रास ‘अशोक’ म्हणून ओळखला जातो, तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया होय. अशोकारिष्टातील अशोक म्हणजे सराका असोका. त्याचे पान संयुक्त आणि फुलांचे गुच्छ नारिंगी-तांबडे. उभ्या झाडांत गफलत होण्याचे कारण नाही. परंतु साल वाळून पोत्यात भरली की पान व फूल यांची साक्ष नाहीशी होते. बाजारात पहिल्याच्या सालीची भेसळ दुसऱ्याच्या सालीत होते, हे आपल्या व्यवसायात सर्वज्ञात आहे.

आमच्यापैकी बहुतेकांनी द्रव्ये शिकली ती काचेच्या बरण्यांतून. बरणीवरची चिठ्ठी आणि बरणीचे फडताळातील स्थान इतके पाठ झाले होते की तोंडी परीक्षेत उत्तर बरोबर येई. चिठ्ठी नसलेले तेच द्रव्य पहिल्यांदा व्यापाऱ्याच्या पोत्यात पाहिले, तेव्हा आपण बरणी ओळखत होतो, द्रव्य नव्हे, हे कळून चुकले. खेळ रचताना हा अनुभव विसरून चालणार नाही.

मोक्षपट आणि लातूर पॅटर्न

खेळातून शिक्षण ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. सापशिडीचे मूळ असलेला मोक्षपट महाराष्ट्रात शतकानुशतके खेळला गेला. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी या पटांचा शोध घेऊन अभ्यास केला. पटावरील शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचे घर मोक्षाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे त्यातील तत्त्वार्थ हळूहळू पुसट झाला आणि नुसती करमणूक उरली. शैक्षणिक खेळ रचणाऱ्याने यातून धडा घ्यावा. चौकट टिकते, आशय गळून पडू शकतो.

मोक्षपटाची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. तेथे शिडी मिळते ती फाशाच्या दानाने. खेळणाऱ्याने काही ठरवले म्हणून नव्हे. दैव आणि कर्म यांचे चिंतन घडवण्यासाठी ते योग्य असेल. पण द्रव्यपरिचयात निर्णय हाच शिकावयाचा विषय आहे. तेव्हा आपल्या पटावर शिडी दानाने न मिळता योग्य निर्णयाने मिळाली पाहिजे.

दुसरा धडा आपल्या भागातलाच आहे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून जी शिक्षणपद्धती राज्यभर नावाजली, तिचा कणा म्हणजे वारंवार घेतलेल्या सराव परीक्षा. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या रीतीला शास्त्रीय आधार दिला. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचला आणि काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु दोन दिवसांनी आणि आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात अधिक उरले होते. म्हणजे परीक्षा केवळ ज्ञान मोजत नाही, ज्ञान पक्केही करते. खेळ हा अशा अनेक लहान परीक्षांचा, भीतीविना घेतलेला क्रम होय. मात्र लातूर पॅटर्न लेखी उत्तरासाठी आहे. आपल्याला डोळ्याचा आणि हाताचा निर्णय घडवावयाचा आहे. पाठांतराचे प्रश्न पडद्यावर टाकले आणि बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज जोडला, तर तो खेळ होत नाही. तीच प्रश्नपत्रिका केवळ नटूनथटून येते.

खेळाची रचना

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू.

पहिली पायरी उद्दिष्ट ठरवण्याची. ‘द्रव्यगुण शिकवणे’ हे उद्दिष्ट फार मोघम आहे. ‘समोर आलेला नमुना स्वीकारावा, नाकारावा की तपासणीस पाठवावा, हे वीस द्रव्यांबाबत ठरवता येणे’ हे उद्दिष्ट मोजता येण्यासारखे आहे. खेळणारा कोठाराचा प्रमुख आहे. माल येत आहे. प्रत्येक पोत्याबाबत त्याला या तिहींपैकी एक निर्णय द्यावयाचा आहे. एवढी कथा पुरेशी आहे.

दुसरी पायरी स्तर पाडण्याची. पहिल्या स्तरात जिवंत वनस्पतींच्या जोड्या असाव्यात : गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा, पुनर्नवा अर्थात बोअरहाविया डिफ्यूसा आणि ट्रायन्थेमा. पुनर्नवेच्या जोडीतील पाने लहानमोठी आणि गुलाबी फुले लहान झुपक्यांत. ट्रायन्थेमाची पाने मांसल आणि फुले पानाच्या बगलेत एकेकटी, देठाविना. दुसऱ्या स्तरात वाळलेली द्रव्ये : अशोकाची साल, दारुहरिद्रेचे काष्ठ आणि तिच्या नावाने विकले जाणारे कॉसिनियम, वावडिंग आणि त्याचे प्रतिनिधी. तिसरा स्तर संदिग्ध द्रव्यांचा. ब्राह्मी म्हणजे बॅकोपा, परंतु अनेक ठिकाणी त्या नावाने मंडूकपर्णीच मिळते. शंखपुष्पी म्हणून उत्तरेत कॉन्व्हॉल्व्ह्युलस, तर दक्षिणेत गोकर्ण. रास्ना म्हणून कोठे प्लुचिया, कोठे अल्पिनिया, तर कोठे वांडा. येथे ‘खरे’ आणि ‘खोटे’ एवढ्यावर भागत नाही. खेळाची उत्तरसूची आयुर्वेदिक फार्माकोपियाला धरून असावी आणि प्रांतिक रूढी उत्तरानंतरच्या टिपणात सांगावी. उत्तरसूची एकट्याने करू नये. द्रव्यगुणाचे अध्यापक, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि प्रत्यक्ष माल घेणारा औषधनिर्माता अशा तिघांचे एकमत झाले तरच प्रश्न घ्यावा.

तिसरी पायरी छायाचित्रांची. एका द्रव्याचे एकच छायाचित्र वापरले तर विद्यार्थी द्रव्याऐवजी ते छायाचित्रच ओळखू लागतो. मागचे टेबल किंवा सावली हीच त्याची खूण बनते. म्हणजे बरणीची चिठ्ठी दुसऱ्या रूपाने परत आली. म्हणून प्रत्येक द्रव्याची निरनिराळ्या ठिकाणच्या व ऋतूंतल्या नमुन्यांची किमान सहा छायाचित्रे असावीत. किनवट-माहूरच्या जंगलात पावसाळ्यात घेतलेले आणि लातूरच्या उन्हाळ्यात घेतलेले गुळवेलीचे छायाचित्र एकमेकांशी सहज जुळत नाही. उन्हाळ्यात पान झडलेले असते आणि नुसते खोड दिसते. खरेदीच्या वेळी आपल्यापुढे बहुधा खोडच येते. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी आणि तुटलेली कड, कापलेला भाग व आतला रंग हेही दाखवावेत.

चौथी पायरी आकाराची. वीस द्रव्ये, प्रत्येकी सहा म्हणजे १२० छायाचित्रे. प्रत्येक ७० किलोबाइटचे केल्यास एकूण सुमारे ८.४ मेगाबाइट. साध्या भ्रमणध्वनीवर हे एकदाच उतरवून पुढे जोडणीविना खेळता यावे. वीज गेली किंवा रेंज नाही म्हणून विद्यार्थ्याचा डाव वाया जाता कामा नये.

पाचवी पायरी भाषेची. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून कागद आणि पडदा यांची त्यांनी सांगड घातली, आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी पाठ त्यांच्या भाषेत नेले. आपल्या खेळातही संस्कृत नाव, शास्त्रीय नाव आणि घेटुळी, सराटा, आघाडा, काटेरिंगणी अशी गावची नावे एकत्र असावीत. माल विकावयास येणारा मनुष्य शास्त्रीय नाव घेऊन येत नाही.

गुण कसे द्यावेत?

खेळातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय गुणदानाचा आहे, कारण खेळणारा तेच शिकतो ज्याला गुण मिळतात.

समजा, अस्सल माल स्वीकारल्यास २ गुण मिळतात, भेसळीचा माल स्वीकारल्यास काहीच वजा होत नाही, आणि ‘तपासणीस पाठवा’ म्हटल्यास शून्य. अशा खेळात शहाणा खेळाडू सर्व काही स्वीकारत सुटेल. तपासणीची गरजच उरणार नाही. आता भेसळ स्वीकारल्यास ४ गुण वजा करा. माल अस्सल असण्याची शक्यता दोन-तृतीयांशांहून अधिक असेल तरच स्वीकारण्यात लाभ उरतो. वजावट १८ गुणांची केल्यास ती मर्यादा दहात नऊ, म्हणजे ९० टक्क्यांवर जाते. म्हणून साध्या पर्यायी द्रव्यासाठी सौम्य वजावट आणि जेथे चुकीने रुग्णास इजा होऊ शकते तेथे कठोर वजावट ठेवावी. अस्सल माल नाकारणे हीही चूक आहे, पण तिचा भार दुकानदाराच्या खिशावर पडतो. भेसळ स्वीकारण्याचा भार रुग्णाच्या शरीरावर पडतो. दोन्ही चुकांना सारखेच गुण वजा करणारा खेळ चुकीची नीती शिकवतो.

‘मला खात्री नाही’ असे म्हणण्याची लाज आपल्या परीक्षापद्धतीने आपल्याला लावली आहे. कोठारात हीच लाज घातक ठरते. म्हणून संशयास्पद नमुना तपासणीस पाठवणाऱ्यास खेळाने सन्मानाने पुढे नेले पाहिजे. मात्र जो सर्वच नमुने तपासणीस पाठवतो त्याचे कोठार रिकामे राहावे, म्हणजे आळसालाही आश्रय मिळणार नाही.

प्रत्येक निर्णयानंतर कारण सांगणारे दोन-तीन ओळींचे टिपण यावे, आणि चुकलेले द्रव्य त्याच डावात काही वेळाने, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा समोर यावे. विसरण्याचा वेग सुरुवातीस फार असतो हे जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते. उजळणी त्या वेगाला धरून असावी. विमानस्थानात चरकाचार्यांनी तद्विद्यसंभाषेची, म्हणजे जाणकारांनी आपसांत करावयाच्या चर्चेची थोरवी सांगितली आहे. दोघांनी मिळून एक कोठार सांभाळण्याची सोय ठेवल्यास निर्णयापूर्वी ती चर्चा आपोआप घडेल.

खेळाची पारख

खेळ रचणाऱ्यास तो उत्तमच वाटतो, आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘आवडला का?’ असे विचारले तर ते होय म्हणतात. याने काहीही सिद्ध होत नाही. पारख कशी असावी याचा वस्तुपाठ ‘री-मिशन’ या खेळाने घालून दिला. कर्करोगाने ग्रस्त किशोर व तरुणांसाठी अमेरिकेत तो तयार झाला. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील ३४ केंद्रांतील ३७५ रुग्णांवर त्याची चाचणी होऊन निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे यदृच्छेने दोन गट केले. एका गटाला केवळ बाजारातला साधा खेळ दिला, दुसऱ्याला त्याच्या जोडीस हा शैक्षणिक खेळही. औषधे नियमित घेतली की नाही हे डबी किती वेळा उघडली त्याची यांत्रिक नोंद आणि रक्तातील औषधाचे प्रमाण यांवरून तपासले. शैक्षणिक खेळ खेळणाऱ्यांचे औषधसेवन अधिक नियमित आढळले आणि त्यांचे रोगाविषयीचे ज्ञानही अधिक वाढले. तणाव आणि जीवनमान यांवर मात्र परिणाम दिसला नाही, आणि तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. विशेष म्हणजे औषध घेण्याबाबत रुग्णांना नुसते विचारले तेव्हा दोन गटांत फरक दिसला नव्हता. फरक दिसला तो मोजणीत.

या आधारे नांदेड आणि लातूर येथे करता येईल अशी एक साधी योजना सुचवतो. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि शासकीय रसशाळा आहे. लातूरलाही आयुर्वेद महाविद्यालय आहे. वीस द्रव्यांचे दहा-दहाचे दोन संच करावेत. नांदेडच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या संचाचा खेळ खेळावा, लातूरच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या संचाचा. उरलेला संच दोघांनी नेहमीच्या पद्धतीने शिकावा आणि दोन्हींना सारखाच वेळ द्यावा. परीक्षा मात्र सर्वांची वीसही द्रव्यांची घ्यावी : एकदा प्रारंभी, एकदा शिकवणी संपल्यावर आणि एकदा सहा आठवड्यांनी. असे केल्याने कोणताही विद्यार्थी खेळापासून वंचित राहत नाही आणि प्रत्येक शहर दुसऱ्याची तुलना बनते. नांदेडकर पहिल्या संचात आणि लातूरकर दुसऱ्या संचात पुढे राहिले, तर त्याचे श्रेय शहराच्या हुशारीला देता येणार नाही. ते खेळालाच द्यावे लागेल.

परीक्षेबाबत तीन पथ्ये सांगतो. पहिले : परीक्षा पडद्यावर न घेता खऱ्या नमुन्यांवर घ्यावी. क्रमांक घातलेल्या पुड्या द्याव्यात आणि गुण देणाऱ्यास विद्यार्थी कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे. पडद्यावर जिंकणारा पुडीपुढे अडखळला तर खेळ अपुरा आहे, हे मान्य करावे. दुसरे : अंदाजाने मिळालेले गुण वजा करावेत. चार पर्यायांच्या वीस प्रश्नांत काहीही न येणाऱ्यालाही सरासरीने पाच उत्तरे बरोबर येतात. अकरा बरोबर आणि नऊ चूक असतील, तर चुकांचा तिसरा हिस्सा, म्हणजे तीन, वजा करून आठ हेच खरे गुण समजावेत. तिसरे : केवळ बेरीज पाहू नये, कोणते द्रव्य कोणत्या द्रव्याऐवजी ओळखले गेले याचा तक्ता करावा. दहा विद्यार्थ्यांनी दहा निरनिराळ्या चुका केल्या तर विद्यार्थी कच्चे आहेत. दहाही जणांनी अशोकाच्याच सालीत एकसारखी चूक केली तर आपले छायाचित्र किंवा टिपण कच्चे आहे.

त्याआधी पाच-सहा विद्यार्थ्यांना आपल्यासमोर खेळावयास बसवावे आणि आपण गप्प राहून पाहावे. कोठे बोट थांबते, कोठे सूचना कळत नाही, हे टिपून घ्यावे. न राहवून आपण समजावून सांगितले, तर चाचणी खेळाची न होता आपल्या वक्तृत्वाची होते.

खेळाच्या मर्यादा

आमच्या शास्त्रात द्रव्याची ओळख पाचही इंद्रियांनी होते. पडदा रूप दाखवतो. कुटकीची कडू चव, वेखंडाचा वास, सालीचा खरखरीत स्पर्श आणि तुटतानाचा आवाज त्याला देता येत नाही. तेव्हा भ्रमणध्वनीच्या जोडीला नमुन्यांच्या पुड्यांचा एक लहान संच असावा असे आम्हास वाटते. संशयित वा विषारी द्रव्य मात्र पुडीतून चाखावयास कदापि देऊ नये. तसेच खेळात निष्णात झालेला मनुष्य प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही. औषधे व प्रसाधने कायद्याच्या नियमांतील अनुसूची ‘टी’नुसार कच्च्या मालाची तपासणी आणि नोंद हे निर्मात्याचे कर्तव्य आहेच. खेळ एवढेच करतो की कोणता माल तपासणीस पाठवावा याचा संशय वेळेवर जागा होतो.

विद्यार्थ्यांचे गुण फलकावर लावू नयेत. चूक सुरक्षित राहिली तरच ती योग्या. आणि कोणत्याही निर्मात्याच्या नाममुद्रेची जाहिरात खेळात येऊ देऊ नये, मग त्याने खर्च उचललेला असला तरी.

आपण काय करावे?

राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात अध्यापनपद्धतींच्या यादीत खेळावर आधारित अध्यापनालाही स्थान मिळाले आहे. तेव्हा परवानगीची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. अभाव आहे तो सामग्रीचा. आणि ती सामग्री महाविद्यालयांपेक्षा औषधी दुकानदारांकडे व रसशाळांकडेच अधिक आहे. तिचे नाव नाकारलेला माल.

आपण भेसळीचे पोते परत पाठवतो आणि प्रकरण तेथेच संपते. तसे न करता त्यातील मूठभर नमुना काढून ठेवावा. त्यावर दिनांक, कोणत्या नावाने आला आणि का नाकारला एवढे लिहावे. पुरवठादाराचे नाव लिहिण्याची गरज नाही; हेतू कोणाला उघडे पाडण्याचा नाही, डोळे घडवण्याचा आहे. शेजारी त्याच द्रव्याचा अस्सल नमुना ठेवून दोहोंचे एकत्र छायाचित्र घ्यावे. नांदेड आणि लातूर येथील वीस दुकानदारांनी वर्षभरात प्रत्येकी सहा नमुने जपले, तर वर सांगितलेल्या १२० छायाचित्रांइतका संग्रह होतो, आणि तो पुस्तकातला नसून आपल्याच बाजारातला असतो.

सुश्रुताचार्यांनी सरावासाठी कोहळा निवडला, कारण तो सहज मिळतो आणि फुकट गेला तरी हळहळ वाटत नाही. नाकारलेल्या मालाचेही तसेच आहे. आज तो दुकानाच्या मागच्या दाराने परत जातो. त्यातला एक तुकडा ठेवून घेतला, तर उद्या काउंटरवर बसणाऱ्या तरुण वैद्याचा पहिला चुकीचा निर्णय रुग्णाच्या वाट्यास न येता खेळातच होऊन जाईल. वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधनिर्मात्यांनी येत्या हंगामाच्या खरेदीपासून हा प्रघात सुरू करावा, अशी आमची विनंती आहे.